ब्लू रिज पार्कवे: कुठे थांबायचं, कुठे चालायचं

ब्लू रिज पार्कवेवर वेगमर्यादा ताशी ४५ मैल आहे, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर. काही ठिकाणी ती आणखी कमी होते. सहलीचा बेत आखताना सगळ्यात आधी हा आकडा डोक्यात ठेवावा. व्हर्जिनियातल्या रॉकफिश गॅपपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकीपर्यंतचा हा ४६९ मैलांचा रस्ता डोंगराच्या माथ्यामाथ्याने जातो. वाटेत जाहिरातींचे फलक नाहीत, ट्रक नाहीत, रस्त्यावर पेट्रोल पंप नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. हा रस्ता लवकर पोचण्यासाठी बांधलेलाच नाही. महामंदीच्या काळात डोंगरातल्या लोकांना काम मिळावं आणि मोटारीतून फिरायला येणाऱ्यांना डोंगर दिसावेत म्हणून ११ सप्टेंबर १९३५ ला त्याचं काम सुरू झालं. स्टॅन्ली अॅबट या तरुण लँडस्केप आर्किटेक्टने कुठे झाडी ठेवायची, कुठे दरी उघडी करायची, कुठलं शेत डोळ्यांसमोर राहू द्यायचं याची आखणी केली. शेवटचा तुकडा पूर्ण व्हायला १९८७ उजाडलं.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की मैल मोजू नका, थांबे मोजा. दिवसाला चार किंवा पाच थांबे, त्यातल्या दोन ठिकाणी गाडी सोडून खरंखुरं चालणं. एवढं जमलं तर हा रस्ता हाती लागतो. शार्लट, रॅले, अटलांटा किंवा वॉशिंग्टनच्या बाजूची आपली मंडळी लाँग वीकेंडला इकडे येतात, भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन येतात, आणि पुष्कळदा दिवसभर काचेतूनच डोंगर बघून परत जातात. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी पट्टा ठरवा

पार्कवेवर पत्ते नसतात, मैलाचे दगड असतात. उत्तरेला शून्य, दक्षिणेला ४६९. प्रत्येक मैलाला रस्त्याकडेला छोटा खांब दिसतो आणि इथली प्रत्येक जागा त्याच आकड्याने सांगितली जाते. वहीत किंवा फोनवर जागेच्या नावाशेजारी हा आकडा लिहून ठेवा, कारण मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते. शिवाय फोनवरचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून तुम्हाला पार्कवेवरून उतरवून हायवेला नेऊन सोडतो. नकाशा आधीच डाउनलोड करा आणि एकदा पार्कवेवर चढलात की त्याचा आवाज बंद करा.

व्हर्जिनियाच्या बाजूने येणाऱ्यांना हम्पबॅक रॉक्स (मैल ५.८), पीक्स ऑफ ऑटर (मैल ८६) आणि मॅब्री मिल (मैल १७६) ही ठिकाणं सोयीची आहेत. जुनी पाणचक्की आणि तिच्यासमोरचं तळं असलेली मॅब्री मिल फोटोंतून तुम्ही नक्की पाहिलेली असेल. पण पहिल्यांदा जात असाल, तर मी नॉर्थ कॅरोलायनातला दक्षिणेकडचा भाग निवडायला सांगेन: ब्लोइंग रॉक (मैल २९४) ते अॅशव्हिल (मैल ३८२) एक दिवस, आणि अॅशव्हिल ते वॉटररॉक नॉब (मैल ४५१) दुसरा दिवस. संपूर्ण पार्कवेवर २६ बोगदे आहेत, त्यातले २५ नॉर्थ कॅरोलायनात. यावरूनच डोंगर कुठे अंगावर येतात ते कळेल. शार्लटहून ब्लोइंग रॉक दोन तासांवर आहे, अटलांटाहून अॅशव्हिल साडेतीन तासांवर.

रस्ता खुला आहे का, हे आदल्या रात्री बघा

ही पायरी कुणीही गाळू नये. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाचा पाऊस या डोंगरांवर कोसळला आणि पार्कवेवर जागोजागी दरडी आल्या, रस्ता वाहून गेला, झाडं आडवी झाली. सगळ्यात जास्त मार लिनव्हिल फॉल्स ते लिटल स्वित्झर्लंड या पट्ट्याला बसला. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करावी लागली आणि काही तुकडे दीर्घकाळ बंद राहिले. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पार्कवेचा 'रोड स्टेटस' तक्ता असतो, त्यात मैलांच्या आकड्यांनुसार कुठला तुकडा खुला आणि कुठला बंद हे लिहिलेलं असतं. पायवाटांची स्थितीही तिथेच बघावी, कारण रस्ता खुला असूनही वाट बंद असू शकते.

हिवाळ्यात वेगळं कारण असतं. बोगद्यांत पाणी झिरपून बर्फ धरतो, म्हणून डिसेंबर ते मार्च उंचावरचे भाग फाटक लावून बंद करतात, कधी दिवसभरासाठी तर कधी आठवडेच्या आठवडे.

मधला तुकडा बंद निघाला तर बेत मोडायची गरज नाही. लिनव्हिलहून यूएस २२१ ने खाली मॅरियनला उतरा, तिथून आय-४० ने अॅशव्हिल गाठा आणि माउंट मिचेलला अॅशव्हिलच्या बाजूने वर चढा. अॅशव्हिलपासून मिचेलचं शिखर साधारण तासाभराच्या अंतरावर आहे.

ऋतू आणि उंची

"फॉल कलर्सचा पीक कधी?" हा प्रश्न दर वर्षी आपल्या ग्रुपवर येतो आणि त्याला एका तारखेत उत्तर नाही. जेम्स नदीपाशी पार्कवे ६४९ फुटांवर आहे आणि रिचलंड बाल्समला ६,०५३ फुटांवर. पानांचा रंग वरून खाली उतरतो. पाच हजार फुटांच्या वर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तीन-चार हजार फुटांवर ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि अॅशव्हिलच्या आसपास, म्हणजे दोन हजार फुटांवर, ऑक्टोबरअखेर. तुमची सुट्टी ज्या आठवड्यात असेल त्या उंचीचे थांबे निवडा. 'पीक' उलटून गेला म्हणून बुकिंग रद्द करणारे लोक अर्ध्या तासाच्या उतारावर असलेला रंग सोडून देतात.

वसंतात हेच उलट चालतं. फुलं खालून वर चढतात. जांभळट गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉन क्रॅगी गार्डन्सला जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलतं, तेव्हा खालच्या दऱ्यांत त्याचा बहर कधीच ओसरलेला असतो. केशरी रंगाची फ्लेम अझेलिया मे-जूनमध्ये दिसते. कास किंवा कारवीच्या फुलोऱ्यासाठी तारखा बघून घरातून निघणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

तिसरा परिणाम कपड्यांवर. वर गेल्यावर दहा-पंधरा अंश फॅरनहाइट सहज उतरतात आणि वारा वेगळाच. जुलैतसुद्धा माउंट मिचेलवर आई-बाबांना स्वेटर लागतो. गाडीत प्रत्येकाचं एक जॅकेट असू द्या, अॅशव्हिलमध्ये घाम येत असला तरी.

गाडी आणि डबा

टाकी भरूनच पार्कवेवर चढा. ब्लोइंग रॉक, अॅशव्हिल, वेन्सव्हिल आणि चेरोकी इथे पंप आहेत, पण त्यासाठी पार्कवे सोडावा लागतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचा हिशेब चढ धरून करा. बोगद्यांत दिवे नसतात, म्हणून हेडलाइट लावणं सक्तीचं आहे, आणि गॉगल बोगद्याच्या आधीच काढा. उतारावर सतत ब्रेकवर पाय नको. ऑटोमॅटिकमध्येही गिअर खाली आणता येतो, आपल्या घाटांत जसं करतो तसंच. वळणावर हॉर्न वाजवायची सवय मात्र इथे सोडून द्या. वळणापलीकडे सायकलवाला असेल असं धरूनच वळा, कारण तो खरोखरच असतो. मागे रांग लागली तर पुढच्या ओव्हरलुकला, म्हणजे डोंगर बघण्यासाठी केलेल्या थांब्याला, गाडी आत घ्या आणि लोकांना जाऊ द्या. एरवी रस्त्याकडेच्या गवतावर थांबता येतं, पण चारही चाकं डांबराच्या बाहेर हवीत.

पार्कवेवर खाण्याची ठिकाणं मोजकीच आहेत आणि त्यात शाकाहारी माणसाच्या वाट्याला फार काही येत नाही. म्हणून दशम्या, मेथीचे पराठे, दाण्याची चटणी, दही असा डबा घरूनच न्यावा. पिकनिकची टेबलं जागोजागी आहेत आणि त्यांच्याइतकी छान जेवणाची जागा तुम्हाला कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. ज्यांना घाट लागतो त्यांना पुढे बसवा आणि आल्याची वडी हाताशी ठेवा.

डब्यासोबत एक काळजी घ्यायची असते ती अस्वलांची. काळी अस्वलं या डोंगरात भरपूर आहेत आणि त्यांचं नाक तीक्ष्ण असतं. टेबलावर डबा उघडा ठेवून फोटोला जाऊ नका, उरलेला भात "पक्ष्यांना" म्हणून टाकू नका, कचरा बंद झाकणाच्या पेटीतच टाका. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे माणसांच्या वस्तीत शिरतं आणि बहुतेक वेळा त्याचा जीव जातो.

पहिला दिवस: ब्लोइंग रॉक ते अॅशव्हिल

आदल्या संध्याकाळी ब्लोइंग रॉक किंवा बूनला पोचलात तर मोझेस कोन मॅनर (मैल २९४) तेव्हाच उरकून घ्या. डेनिमच्या कापडावर श्रीमंत झालेल्या मोझेस कोनचा हा पांढरा बंगला. त्याच्याभोवती घोडागाड्यांसाठी बांधलेले पंचवीस मैलांचे रुंद, मंद चढाचे रस्ते आहेत. ज्यांना खडकाळ वाट झेपत नाही त्यांच्यासाठी बास लेकभोवतीची सपाट फेरी, एक मैलाहून कमी, अगदी योग्य. संध्याकाळी सहा-सातच्या उन्हात ही फेरी सगळ्यात छान वाटते.

सकाळी मात्र थेट रफ रिज (मैल ३०२.८) गाठा, आणि शक्यतो आठच्या आत. इथली पार्किंगची जागा लहान आहे आणि ऑक्टोबरात नऊला ती भरलेली असते. गाडीतळावरून पायऱ्या चढून गेलं की ओढ्यावरचा पूल येतो आणि तिथून जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत लाकडी फळ्यांची वाट लागते. ही वाट आहे म्हणूनच तिच्याखालची खडकाला धरून वाढणारी दुर्मीळ झाडं टिकली आहेत, तेव्हा फळ्यांवरून खाली उतरू नका. समोर ग्रँडफादर माउंटनची धार आणि खाली तिला वळसा घालून गेलेला पूल दिसतो. जास्त ताकद असेल तर फळ्यांच्या पुढे खडकांतून माथ्यावर जा. तेवढीच चढण पुन्हा आहे आणि माथ्यावर गर्दी निम्मी असते. ही वाट साडेतेरा मैलांच्या टनाव्हा ट्रेलचा भाग आहे. दिवसभर चालायचं असेल तर दोन गाड्या दोन टोकांना ठेवून तो आख्खा करता येतो.

आता तो पूल. लिन कोव्ह व्हायाडक्ट (मैल ३०४.४) बघितल्याशिवाय पार्कवेची गोष्ट पुरी होत नाही, कारण पार्कवे पूर्ण व्हायला बावन्न वर्षं लागली ती याच तुकड्यापायी. ग्रँडफादर माउंटनचे मालक ह्यू मॉर्टन यांनी डोंगर उंचावर कापून रस्ता नेण्याला वर्षानुवर्षं विरोध केला. शेवटी रस्ता खालून न्यायचा ठरला, आणि तोही डोंगराला हात न लावता. मग १,२४३ फूट लांबीचा पूल १५३ तुकड्यांत ओतला गेला. प्रत्येक तुकडा सुमारे ५० टनांचा आणि त्यातला फक्त एक सरळ, बाकी सगळे वळणदार. पुलाच्या तयार झालेल्या भागावर उभं राहून पुढचा तुकडा जोडायचा, अशा पद्धतीने तो हवेतच पुढे सरकत गेला. खाली कामासाठी वेगळा रस्ता कापावा लागला नाही. १९८३ ला पूल उभा राहिला, पण दोन्ही बाजूंचा रस्ता होऊन वाहतूक सुरू झाली ती १९८७ ला. गाडीतून हा पूल मिनिटभरात संपतो. म्हणून दक्षिण टोकाच्या माहिती केंद्रापाशी गाडी लावा आणि डांबरी पायवाटेने पुलाच्या पोटाखाली जा. ज्येष्ठांनाही जमेल इतकी ती छोटी आहे. दगडांच्या राशींमधून उभे राहिलेले खांब आणि वर वळत गेलेला काँक्रीटचा पट्टा तिथूनच समजतो. घरात कुणी सिव्हिल इंजिनीअर असेल तर इथला वेळ दुप्पट धरा.

ग्रँडफादर माउंटनवरचा झुलता पूल पार्कवेबाहेर आहे. त्याला तिकीट लागतं आणि ते ऑनलाइन आधीच काढावं. लहान मुलं असतील तर जा. नसतील तर तोच वेळ पुढच्या धबधब्याला द्यावा असं माझं मत आहे.

लिनव्हिल फॉल्स (मैल ३१६.४) इथे आधी वाटा खुल्या असल्याची खात्री करून घ्या. अर्विन्स व्ह्यू ट्रेल जाऊन-येऊन साधारण १.६ मैलांचा आहे आणि वाटेत चार ठिकाणांहून पाणी वेगवेगळं दिसतं. पहिल्या ठिकाणी नदी शांत पसरलेली, मग अचानक अरुंद होऊन खडकात घुसलेली, आणि शेवटच्या टोकावरून सगळी घळ एका नजरेत. थकलेल्या मंडळींनी पहिल्या ठिकाणावरून परत फिरलं तरी चालेल. कठड्यापलीकडे मात्र कुणीही जाऊ नये. या डोंगरांतल्या धबधब्यांवर दगावणारी माणसं बहुतेक वेळा फोटोसाठी वरच्या ओल्या खडकावर गेलेली असतात.

इथून पुढे लिटल स्वित्झर्लंडच्या अलीकडे, मैल ३३१ ला खनिजांचं छोटं संग्रहालय आहे. स्प्रूस पाइन गावच्या खाणींतून निघणारं अतिशुद्ध क्वार्ट्झ संगणकाच्या चिपसाठी लागणारं सिलिकन वितळवण्याच्या भांड्यांत वापरलं जातं आणि जगभर जातं. आयटीत काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी इथे वीस मिनिटं द्यायलाच हवीत.

मैल ३५५.४ ला उजवीकडे न वळता सरळ पुढे गेलात तर माउंट मिचेल राहून जाईल, हे चुकू देऊ नका. दक्षिणेकडून येताना हेच वळण डावीकडे लागतं. राज्य महामार्ग १२८ ने साडेचार मैलांवर शिखराखालचं पार्किंग येतं. मिचेलची उंची ६,६८४ फूट, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला याहून उंच काही नाही. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, आणि तिथे शिड्या चढून जावं लागतं. इथे गाडीतळापासून शिखरावरच्या गोल सज्जापर्यंत दहा मिनिटांची बांधलेली वाट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही शिखरावर उभं राहता यावं अशी ही सोय मला फार मोलाची वाटते. वर एलिशा मिचेल यांची समाधी आहे. या प्राध्यापकाने हे शिखर सगळ्यात उंच असल्याचं मोजून सांगितलं, त्यावर वाद झाला, आणि पुन्हा मोजमाप करायला १८५७ मध्ये आलेले असताना धबधब्यावरून पडून त्यांचा अंत झाला.

शिखराभोवती पांढरे पडलेले, निष्पर्ण खोडांचे सांगाडे दिसतील. ही फ्रेझर फरची झाडं. युरोपातून आलेल्या एका सूक्ष्म किडीने त्यांना मारलं, आणि दक्षिणेकडच्या या डोंगरांत ती कीड पहिल्यांदा सापडली ती इथेच, १९५७ मध्ये. खाली नीट बघितलं तर कोवळी फर पुन्हा उगवताना दिसतात, म्हणून वाट सोडून पाय टाकू नका. शिखर ढगात असेल तर सज्जावर काहीच दिसणार नाही. अशा वेळी बाल्सम नेचर ट्रेलची पाऊण मैलाची फेरी करा. धुक्यात ओलं झालेलं शेवाळ आणि फरचा वास, हे उन्हात मिळत नाही.

दिवसाचा शेवट क्रॅगी पिनॅकलवर (मैल ३६४). क्रॅगी डोम ओव्हरलुकला गाडी लावायची आणि वाकड्यातिकड्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या बोगद्यातून पाऊण मैल चढायचं. माथ्यावर चारी बाजू मोकळ्या. जूनमध्ये इथे यायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा. सूर्य बुडाल्यावर अॅशव्हिल पाऊण तासावर आहे, पण हरणं रस्त्यावर येण्याची हीच वेळ, तेव्हा सावकाश उतरा.

अॅशव्हिलमध्ये एक आपलं ठिकाण आहे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वाढलेल्या मेहरवान इराणी यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं 'चाय पानी'. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेतलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. दिवसभर चालून आल्यावर भेळ आणि वडापाव समोर आला की डोंगर उतरल्याचा शीण जातो.

दुसरा दिवस: अॅशव्हिलच्या दक्षिणेला

आज लवकर निघायला हवं. पहाटे पाउंडिंग मिल ओव्हरलुक (मैल ४१३.२) गाठलंत तर सूर्य उगवताना खालच्या दऱ्यांत ढग साठलेले दिसतात आणि डोंगरांचे माथे बेटांसारखे वर राहतात. अॅशव्हिलहून तासभर तरी धरा. रात्री पाऊस पडून गेला असेल आणि आभाळ निवळलं असेल तर झोप सोडून जाच.

पुढे मैल ४१७ ला लुकिंग ग्लास रॉक दिसतो, झाडीतून वर आलेला गुळगुळीत ग्रॅनाइटचा घुमट. त्याच्या अंगावरून झिरपणारं पाणी उन्हात किंवा गोठल्यावर चमकतं. आपल्या सह्याद्रीचे कडे लाव्हाच्या थरांचे, साधारण साडेसहा कोटी वर्षांचे. इथले काही खडक एक अब्ज वर्षांहून जुने आणि झिजून गोलावलेले. म्हणून इथे कातळकड्यांपेक्षा घडीमागे घडी अशा निळ्या रांगा दिसतात. तो निळेपणाही झाडांचाच आहे: पानांतून आयसोप्रीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्यातून तयार होणारं धुकं निळा प्रकाश विखुरतं.

आता निवड करायची आहे. ग्रेव्हयार्ड फील्ड्स (मैल ४१८.८) आणि ब्लॅक बाल्सम (मैल ४२०.२) एकमेकांपासून दीड मैलावर आहेत, पण दोन्हीकडची पार्किंग सुट्टीच्या दिवशी नऊ-दहापर्यंत भरते. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर ग्रेव्हयार्ड फील्ड्स. पायऱ्या उतरून, पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत खालचा धबधबा येतो. १९२५ च्या भीषण वणव्याने इथली माती इतकी भाजली, की जंगल अजून पुरतं परतलेलं नाही. त्या मोकळ्या जागेत ब्लूबेरीची झुडपं माजली आहेत. ऑगस्टमध्ये लोक वाटेने खातखात चालतात. अस्वलंही त्याच कामाला येतात, तेव्हा बोलत चाला. स्वच्छतागृह इथे आहे, पुढे लवकर मिळणार नाही.

चालणारे लोक असाल तर मात्र ब्लॅक बाल्समलाच जा. पार्कवेवरून उजवीकडचा छोटा रस्ता घ्या, आर्ट लोब ट्रेल जिथे रस्ता ओलांडतो तिथे गाडी लावा. फरच्या झाडीतून दहा मिनिटं चाललं की झाडं संपतात आणि ६,२१४ फुटांवर गवताचं उघडं रान सुरू होतं. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत आवडणारी जागा हीच. राजगडाच्या पद्मावती माचीवरून दिसतात तशा रांगा चहूकडे, आणि मध्ये पाऊलवाट धारेवरून टेनंट माउंटनकडे गेलेली. शिखरापर्यंत जाऊन परत यायला तास-दीड तास, टेनंटपर्यंत गेलात तर अर्धा दिवस. वाट मध्येमध्ये पाण्याने खोल कापली गेली आहे. चिखलाला घाबरून कडेच्या गवतातून नवी वाट पाडू नका, मधूनच चला. उन्हाळ्यात दुपारी विजा होतात आणि इथे आडोसा नाही, त्यामुळे बाराच्या आत खाली यायचं.

डेव्हिल्स कोर्टहाउस (मैल ४२२.४) ही अर्ध्या मैलाहून कमी, पण दम काढणारी वाट. कठड्यावरून चार राज्यं दिसतात: नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी. चेरोकी लोकांच्या कथांतल्या जुडाकुल्ला या महाकायाशी हा कडा जोडलेला आहे. कड्यात बहिरी ससाणे घरटी करतात, म्हणून कठडा ओलांडायला मनाई आहे.

यानंतर गर्दी विरळ होते आणि रस्ता सर्वांत सुंदर होतो. रिचलंड बाल्सम (मैल ४३१.४) हा पार्कवेचा सर्वोच्च बिंदू, फलकापाशी फोटो काढून पुढे निघावं. त्याच्या किंचित अलीकडचा काउई माउंटन्स ओव्हरलुक (मैल ४३०.७) मात्र घाईने ओलांडू नका. डोंगरांच्या इतक्या घड्या एकामागे एक दुसरीकडे कुठे दिसत नाहीत.

संध्याकाळ वॉटररॉक नॉबला (मैल ४५१.२). सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचा. अर्ध्या मैलाची खडी चढण आहे, पहिला भाग डांबरी. ज्यांना चढायचं नाही त्यांनी गाडीतळाच्या कडेला खुर्च्या टाकून बसावं, सूर्यास्त तिथूनही पूर्ण दिसतो. खाली यायला टॉर्च लागेल. इथून सोको गॅपला (मैल ४५५.७) उतरून यूएस १९ ने मॅगी व्हॅली गाठा आणि तिथेच मुक्काम करा.

शेवटचे तेरा मैल, सकाळी

सोको गॅपच्या पुढचा रस्ता क्वाला बाउंड्रीतून, म्हणजे ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी यांच्या भूमीतून जातो. १८३८ मध्ये बहुसंख्य चेरोकींना बंदुकीच्या धाकाने पश्चिमेला हाकलण्यात आलं, त्यातून जे इथे टिकून राहिले त्यांचे हे वंशज. सरकारला पार्कवे सोको ओढ्याच्या खोऱ्यातून न्यायचा होता. तीच त्यांची उत्तम शेतजमीन. त्यांनी ठाम नकार दिला, वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि अखेर १९४० मध्ये रस्ता धारेवरून न्यायचं ठरलं. आज आपण बोगद्यांतून उंचावरून जातो ते त्या नकारामुळे. म्हणून इथे फक्त गाडी पळवू नका. चेरोकी गावातलं म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल बघायला दोन तास ठेवा. गावातल्या पाट्यांवर सिक्वोया यांनी घडवलेली चेरोकी लिपी दिसेल, मुलांना ती वाचायचा प्रयत्न करू द्या.

पार्कवे जिथे संपतो तिथेच ओकोनालुफ्टीच्या कुरणात सकाळी लवकर आणि संध्याकाळी एल्क ही थोराड हरणं चरायला येतात. इथून नाहीशी झालेली ही जात २००१ मध्ये पुन्हा आणून सोडली गेली. पन्नास यार्डांच्या आत जायला बंदी आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नर आक्रमक असतात, तेव्हा गाडीजवळच राहा. ही हद्द ग्रेट स्मोकी माउंटन्स पार्कची आहे. तिथे पंधरा मिनिटांहून जास्त गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग घ्यावा लागतो, दिवसाचे पाच डॉलर. तो व्हिजिटर सेंटरला मिळतो. परतताना पार्कवेने नको, यूएस ७४ आणि आय-४० ने तासाभरात अॅशव्हिल येतं आणि त्याच वाटेवर वेन्सव्हिलला पेट्रोलही भरता येतं.